आधी मशीनची पाठ बघ

दुकानाची किल्ली तुझ्या हातात दिली तेव्हा शटर कुठं अडकतं तेवढंच सांगितलं. काउंटरखालच्या खणाचं सांगायचं राहूनच गेलं. त्या खणात विंडोज सेव्हनचा एक खोका आहे, रीतसर बिल करून आणलेला. आत दोन डीव्हीडी आहेत, एक ३२ बिटांची आणि एक ६४ बिटांची. २००९ साली मायक्रोसॉफ्टनं एकाच खोक्यात दोन्ही घालून दिल्या आणि निवड गिऱ्हाइकावर सोडली. गिऱ्हाइकानं ती माझ्यावर सोडली. "मामा, बत्तीस मारताय की चौसष्ट?" राजारामपुरीतल्या या एवढ्याशा दुकानात हा प्रश्न मी किती वेळा ऐकला त्याचा हिशेब नाही. एक गुरुजी यायचे, ते म्हणायचे, "बत्तीसलक्षणी असेल तर राहू दे, चौसष्ट कला येत असतील तरच बदल."

नवं मशीन घेणाऱ्याला हा प्रश्न आता पडत नाही. विंडोज इलेव्हन २०२१ मध्ये आलं ते ६४ बिटांतच. पण आपल्या दारात नवी मशीनं येत नाहीत, पोरी. डीटीपीवाल्याचं, पतसंस्थेचं, शिरोलीच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपचं मशीन येतं. धूळ खाल्लेलं, आणि मालकाचं त्यावर अजून पोट चालणारं. तिथं हा प्रश्न जिवंत आहे.

असं मशीन आलं की प्रोसेसर कुठला हे विचारायच्या आधी कॅबिनेट फिरव आणि त्याची पाठ बघ. कुठली वायर कुठं गेलीय, कुठल्या खोबणीत काय खोचलंय. मालकाला म्हण, जे जे जोडता ते सगळं घेऊन या. बत्तीस की चौसष्ट हे प्रोसेसर ठरवत नाही, त्या मशीनला लटकलेली सगळ्यात जुनी वस्तू ठरवते. का, ते सांगतो. त्याआधी आकड्यांचा घोळ निस्तरू.

बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाची गोष्ट तुला आजोबांनी सांगितली असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. अर्धा पट म्हणजे ३२ घरं भरली की दाणे होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५. आता एकेक दाणा म्हणजे एकेक पत्ता धर, आणि शून्य नंबरचा एक पत्ता त्यात मिळव. ३२ बिटांच्या मशीनला एवढेच पत्ते मोजता येतात. एका पत्त्यावर एक बाइट, म्हणजे बरोबर ४ जीबी. उरलेला अर्धा पट भरायला घेतला की राजाचं कोठार आटतं, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून ६४ म्हणजे ३२ च्या दुप्पट नव्हे. "डबल स्पीड होईल" असं सांगून पैसे घेणारे होते, आजही असतील. तू सांगू नकोस. थोडा फरक पडतो, कारण ६४ बिटांत प्रोसेसरला हाताशी ठेवायला ८ च्या जागी १६ रजिस्टर मिळतात. पण वर्डमध्ये अर्ज टाइप करणाऱ्याला तो कळायचाही नाही.

याच ४ जीबीवरून एकदा एका गिऱ्हाइकानं मला चोर ठरवलं होतं. त्यानं लॅमिंग्टन रोडवरून दोन जीबीच्या दोन कांड्या आणल्या, मी बसवल्या, आणि स्क्रीनवर आकडा आला सव्वातीन. "मामा, पाऊण जीबी कुठं गेली?" त्याला सातबाऱ्याचा दाखला दिला तेव्हा पटलं. उताऱ्यावर जमीन चार एकर, पण रस्ता, विहीर, पाटाची जागा त्यातूनच जाते. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोस यांनाही पत्ते लागतात, आणि ३२ बिटांत एकूण पत्तेच ४ जीबीचे. यांची जागा वरच्या टोकाला राखून ठेवलेली असते, तिथं रॅमला शिरता येत नाही. कार्ड मोठं, तेवढी रॅम कमी दिसणार. हे तू आधीच सांगून ठेव, कांड्या बसवायच्या आधी. नंतर सांगितलेलं खरं असलं तरी सारवासारव वाटते.

तसं इंटेलनं १९९५ मध्येच पेंटियम प्रोमध्ये यावर तोड काढली होती. पत्ता ३६ बिटांचा केला, ६४ जीबीपर्यंत रॅम धरता येईल असा. लिनक्सनं ती वापरली, विंडोजच्या मोठ्या सर्व्हरांनीही वापरली. घरगुती विंडोजला मात्र मायक्रोसॉफ्टनं ४ जीबीच्या आतच बांधून ठेवलं. कारण बाजारातल्या कितीतरी ड्रायव्हरांना ४ जीबीच्या वरचा पत्ता दिसला की ते गडबडायचे आणि अख्खं मशीन बसायचं. बघ, इथंही गाडं ड्रायव्हरपाशीच अडलं.

आता नावांचा घोळ. एक्स८६ लिहिलं असेल तर ते ३२ बिटांचं, एक्स६४ लिहिलं असेल तर ६४ चं. ८६ मोठा आकडा म्हणून लोक तीच फाइल उतरवतात आणि फसतात. ते ८६ आलंय १९७८ च्या ८०८६ या चिपच्या नावावरून, बिटांशी त्याचा संबंध नाही. लिनक्सच्या फाइलीवर 'एएमडी६४' असतं. इंटेलवाला गिऱ्हाईक म्हणतो, ही आपली नव्हे. आपलीच असते. ही ६४ बिटांची तऱ्हा एएमडीनं काढली म्हणून नाव त्यांचं राहिलं. इंटेलनं एचपीला हाताशी धरून इटॅनियम नावाचा वेगळाच घाट घातला होता, २००१ मध्ये तो आला. नवं कोरं घर, पण जुनं सामान त्यात नीट मावेना. जुने प्रोग्रॅम त्यावर रखडत चालायचे. एएमडीनं २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला तो जुन्याच वाड्यावर मजला चढवल्यासारखा. खालचं बिऱ्हाड न हलवता वर नवं. पुढच्याच वर्षी इंटेलला त्याच वाटेनं जावं लागलं, आणि इटॅनियम २०२१ पर्यंत कण्हत राहिला.

घोळाचा कळस विंडोजच्या पोटात आहे. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटांच्या फाइली असतात, आणि ३२ बिटांच्या फाइली असतात सिसवॉव६४ मध्ये. जुन्या प्रोग्रॅमांनी सिस्टम३२ हे नाव आत कोरून ठेवलं होतं, म्हणून ते हलवलं नाही. कोणी सांगितलं की अमुक डीएलएल सिस्टम३२ मध्ये टाक, तर आधी ती कुठल्या बिटांची ते बघ. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय.

प्रोसेसर ओळखणं सोपं आहे, पण दोन ठिकाणी पाय घसरतो. 'कोअर ड्युओ' आणि 'कोअर टू ड्युओ' ही २००६ सालची जुळी भावंडं वाटतात. पहिला फक्त ३२ बिटांचा, दुसरा ६४ चा. स्टिकरवरचा तो 'टू' नीट वाच. २००८ च्या सुमाराला छोट्या नेटबुकांत आलेला ॲटम एन२७० हाही ३२ चाच. आणि दुसरं, प्रोसेसर ६४ चा असला म्हणजे बोर्डही तसा असतो असं नाही. इंटेल ९४५ चिपसेटचे बोर्ड आपल्याकडं ढिगानं आले. त्यावर कोअर टू ड्युओ बसव, ६४ चं विंडोज टाक, ४ जीबी लाव, तरी आकडा सव्वातीनच्या आसपासच राहतो. अडवलेल्या जागेखालची रॅम वरच्या पत्त्यावर नेण्याची सोयच त्या चिपसेटमध्ये नाही. इतर बोर्डांवर बायोसमध्ये मेमरी रीमॅपचं बटण असतं, ते बंद राहिलं असेल तर चालू कर. ९४५ वर शोधत बसू नकोस.

विंडोजची की आणि पॉज एकदम दाबलं की सिस्टम टाइप दिसतो. तिथं ऑपरेटिंग सिस्टम ३२ बिटांची आणि प्रोसेसर एक्स६४ असं असेल तर मशीनला येतं पण त्याच्याकडून करून घेतलेलं नाही, एवढाच अर्थ. अशी मशीनं अजूनही येतात.

आता पाठीकडं वळू.

६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचे प्रोग्रॅम चालतात आणि चांगले चालतात. भाषांतर वगैरे काही नाही. तो प्रोसेसरच निपाणी-बेळगावकडच्या माणसासारखा आहे, मराठी आणि कानडी दोन्ही जन्मापासून येणारा. म्हणून जुनं टॅली, जुनं पेजमेकर, जुना गेम, याची फार काळजी करू नकोस. पण सिस्टमच्या गाभाऱ्यात, ज्याला कर्नल म्हणतात, तिथं एकच भाषा चालते. ड्रायव्हर गाभाऱ्यात काम करतो. ६४ च्या कर्नलमध्ये ३२ चा ड्रायव्हर उंबऱ्याच्या आत येत नाही, कितीही हातापाया पड. त्यात व्हिस्टापासून ६४ बिटांच्या विंडोजला ड्रायव्हरवर सहीही लागते. एफ८ दाबून ती अट त्या वेळेपुरती उठवता येते, पण पुन्हा चालू केलं की पुन्हा तेच. गिऱ्हाइकाला "रोज सकाळी एफ८ दाबा" असं सांगून पाठवायचं नसतं. मी एकदा पाठवलंय, तिसऱ्या दिवशी परत आला.

हे सगळं मी शिकलो ते २०११ च्या लग्नसराईत. पत्रिका छापणारा एक डीटीपीवाला आला. नवं मशीन, ४ जीबी, मी हौसेनं ६४ चं सेव्हन टाकलं. पेजमेकर चाललं, प्रिंटर चालला, चहा झाला. रात्री नऊला त्याचा फोन: मराठी उमटत नाही. त्याचं मराठी फाँटचं पॅकेज प्रिंटरच्या पोर्टवर लावायच्या डाँगलवर चालायचं, आणि त्या डाँगलचा ड्रायव्हर ३२ बिटांचा. त्या आवृत्तीसाठी ६४ चा निघालाच नव्हता. डाँगल मी दुपारी बघितलंही नव्हतं, कारण ते त्याच्या खिशात होतं. चाळीसेक पत्रिका अडकल्या होत्या. त्याच्या टेबलावर बसून रात्रभर फॉरमॅट मारला, ३२ चं टाकलं, पहाटे चारला 'श्री गणेशाय नमः' नीट उमटलं तेव्हा दोघांचा जीव भांड्यात पडला. सगळी चूक माझी. पॅकेजला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता, मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून डाँगलसकट मशीन आणा असं सांगतो, आणि खिसे तपासा असंही.

डाँगल यूएसबीचं असेल तर आज एक वाट आहे. वरून ६४ चं विंडोज आणि आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२ चं जुनं विंडोज ठेवायचं, आणि डाँगल आतल्या मशीनला द्यायचं. बाहेरच्याला त्याचा ड्रायव्हर लागत नाही. पंचवीस पिनांच्या पोर्टवरच्या डाँगलला मात्र ही वाट भरवशाची नाही, त्याच्यासाठी जुनं मशीनच जपायचं.

स्कॅनर, बायोमेट्रिक, सही करायचं टोकन, वजनकाटा, सगळ्यांना हाच न्याय. निर्णय घेण्याआधी प्रत्येकाचा ६४ चा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर हातात ठेव. "मिळेल की" म्हणू नकोस. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची फार काळजी नाही. तो बिचारा विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या एखाद्या ड्रायव्हरवर खडखडत राहतो.

दुसरं दुखणं १६ बिटांचं. पतसंस्थांचे कितीतरी हिशेब डॉसवरच्या फॉक्सप्रोत लिहिलेले होते, आणि कॉलेजात तुम्ही टर्बो सी निळ्या स्क्रीनवर शिकलात तेही तसंच. ३२ चं विंडोज हे प्रोग्रॅम चालवतं. ६४ चं नाही चालवत, कारण प्रोसेसर ६४ च्या तऱ्हेत शिरला की डॉससाठी ठेवलेली ८०८६ ची जुनी खोलीच आतून बंद होते. कधी प्रोग्रॅम ३२ चा असतो आणि त्याचा इन्स्टॉलर तेवढा १६ चा. मग लोक म्हणतात प्रोग्रॅमच चालत नाही. जुन्या मशीनवरून बसवलेलं फोल्डर उचलून आणलं तर कधीकधी काम भागतं. टर्बो सीसाठी कॉलेजांनी डॉसबॉक्स वापरलं ते ठीक होतं. पण डॉसबॉक्स खेळांसाठी बनवलेलं आहे. पतसंस्थेच्या खातेवहीसाठी ते वापरायचं तर आधी मार्चअखेरीचा हिशेब दोन्हीकडं काढून ताडून बघ, छपाई होते का बघ, दोन टेबलांवरून एकच फाइल उघडून बघ. लोकांच्या ठेवी असतात त्यात.

रॅमचा नियम मी सोपा ठेवलाय. २ जीबी किंवा कमी, आणि वाढवायला स्लॉट नाही, तर ३२. सेव्हनलाच ३२ साठी १ जीबी आणि ६४ साठी २ जीबी लागायचे, डिस्कवर १६ च्या जागी २० जीबी. पत्ते लांब झाले की ते लिहायला जागाही जास्त लागते. ४ जीबी किंवा जास्त, आणि पाठ स्वच्छ, तर ६४. मधल्या तीनवाल्याला म्हण, एक कांडी घ्या.

बदलायचं ठरलंच, तर ३२ वरून ६४ वर चढायला जिना नाही. वरचेवर अपग्रेड होत नाही, सगळं पुसूनच टाकावं लागतं. म्हणून आधी बॅकअप, आणि आपल्या माणसांच्या बाबतीत बॅकअप म्हणजे फक्त माय डॉक्युमेंट्स नव्हे. फाँटांचं फोल्डर घे. युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेली फाइल तो फाँट नसेल तर कीड लागल्यासारखी दिसते आणि माणूस समजतो डेटा गेला. विंडोजची किल्ली मात्र बहुतेक वेळा तीच चालते, आवृत्ती तीच असली तर. होमची होमला, प्रोफेशनलची प्रोफेशनलला. कॅबिनेटवरच्या स्टिकरचा आधी फोटो काढ, घासून अक्षरं गेलेली असतात.

विंडोज ६४ चं म्हणून ऑफिसही ६४ चंच हवं असं नाही. जुने ॲड-इन, ॲक्सेसला जोडलेला एखादा हिशेब असेल तर ऑफिस ३२ चं ठेव. ओडीबीसीचं जोडणं सापडत नाही म्हणून कोणी आलं, तर त्याला सांग की मशीनवर दोन ओडीबीसी आहेत, आणि तो चुकीच्या खिडकीत बघतोय.

आता ३२ ला नेटवर ठेवायचं का? नको. ज्या घरातून बँकेचे व्यवहार होतात तिथं तर मुळीच नको. विंडोज टेनचा ३२ चा अवतार होता, पण टेनचाच नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. उबुंटूनं डेस्कटॉपची ३२ ची फाइल २०१७ मध्येच देणं थांबवलं. डेबियननं त्याहून जास्त दम धरला, पण २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत त्यांच्याकडंही ३२ चा इन्स्टॉलर राहिला नाही. ॲपलनं तर २०१९ च्या कॅटलिनापासून ३२ चे प्रोग्रॅमच बंद करून टाकले. तेव्हा ३२ चं जे मशीन जपायचं ते नेटची वायर काढून, एकाच कामाला जुंपून. शिरोलीच्या त्या वर्कशॉपमधलं एक्सपीचं मशीन बघितलंस ना? नऊ पिनांच्या केबलनं मिलिंग मशीनला प्रोग्रॅम पाजतं, बाकी काही करत नाही. त्याच्या कार्डाचा ड्रायव्हर ३२ चाच आहे. मालकाचा मुलगा म्हणेल, बदला. मिलिंग मशीन बदलायची तयारी आहे का, तेवढं विचार.

अशा मशीनांसाठी एक तारीख लिहून ठेव: १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १९७० पासून सेकंद मोजणारे आणि तो आकडा ३२ बिटांत ठेवणारे जे प्रोग्रॅम आहेत, त्यांचा मीटर त्या क्षणी भरतो आणि पुढच्या सेकंदाला ते १९०१ सालात जातात. ६४ चं विंडोज टाकलं म्हणून प्रोग्रॅमाच्या आतलं मोजमाप आपोआप बदलत नाही. तेव्हा तू पन्नाशीच्या आत असशील, मी असेन का बघू.

मला वाटलं होतं की माझ्यानंतर हा प्रश्नच संपेल. पण परवा एक सीए बाई आल्या, स्नॅपड्रॅगनच्या प्रोसेसरचा नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणाल्या, बॅटरी फार चालते म्हणून. तो एआरएम, म्हणजे घराणंच वेगळं. इथं मात्र प्रोसेसर निपाणीचा नाही, इथं खरोखर दुभाषा बसवलाय. जुने एक्स६४ चे प्रोग्रॅम तो भाषांतर करून चालवतो, आणि बऱ्यापैकी चालवतो. ॲपलनंही २०२० मध्ये एम१ आणला तेव्हा असाच दुभाषा दिला होता. पण दुभाष्यालाही गाभाऱ्यात प्रवेश नाही. ड्रायव्हर एआरएमचाच लागतो.

बाईंना मी सोमवारी बोलावलंय. सहीचं टोकन, स्कॅनर आणि ऑफिसातला प्रिंटर घेऊन या म्हटलंय. प्रिंटर जड आहे म्हणाल्या, तर मॉडेल नंबरचा फोटो तरी आणतील. मी त्या दिवशी दवाखान्यात असेन, तूच बस. खोक्यातली ३२ ची डीव्हीडी ओरखडलीय, तिची प्रत काळ्या पेनड्राइव्हवर आहे, त्याच खणात, डाव्या कोपऱ्यात.